आमची वाटचाल: शिमगा ते मिरग

आमचं वर्कशॉप मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठाला. पाच ते सात मीटरच्या होड्या दुरुस्त करायच्या, हवं असेल त्याला शीड चढवून द्यायचं आणि ताब्यात देण्याआधी होडी एक दिवस समुद्रात नेऊन, गळ टाकून बघायची, एवढंच आमचं काम. ट्रॉलर घेत नाही. तेवढी जागाही नाही.

सुरुवात लाकडी होड्यांनी झाली. तक्रार नेहमीची: "होडी पाणी घेता." उन्हात महिनाभर उलटी पडलेली होडी आली की फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसतो आणि कुणालाही वाटतं, कापूस ठोकून भरला की झालं. इथेच चूक होते. लाकूड पाण्यात फुगतं ते रेषांच्या आडवं, म्हणजे नेमकं सांध्याच्या दिशेने. सुक्या फळ्यांत गच्च कापूस भरला तर फुगायला जागा उरत नाही. मग जोर खिळ्यांवर आणि वांकांवर, म्हणजे होडीच्या फासळ्यांवर जातो. खिळे वर येतात, वांक तडकतात. म्हणून आधी तीन-चार दिवस ओली गोणपाटं पसरून ठेवतो. त्यानंतरही जो सांधा उघडा राहील तोच भरायचा. कापसाचा पीळ बोथट छिन्नीने आत बसवायचा, वर तीन-चार मिलिमीटर खाच ठेवायची, तिच्यात राळ आणि तेलाची लांबी, म्हणजे पुटी. बाहेरून तळाला काजूच्या टरफलाचं तेल. ते बिब्यासारखं उततं, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. आतून मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावणारे अजून आहेत. वास पंधरा दिवस जात नाही, पण लाकूड टिकतं हे खरं.

खिळ्याभोवती काळा डाग दिसला की हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत गंजाने लाकूड मऊ झालंय. त्याच भोकात जाडा खिळा मारायचा नाही. भोकात लाकडाची गुल्ली बसवून नवा खिळा चार-पाच सेंटिमीटर बाजूला घ्यायचा. जस्ती खिळ्यांच्या होडीत एखादाच तांब्याचा खिळा मारणं तर त्याहून वाईट. खाऱ्या पाण्यात शेजारचा लोखंडी खिळा त्याच्यापायी गळून जातो.

फायबर आलं तेव्हा जुन्या लाकडी होडीवर फायबरचा थर चढवून घ्यायची मागणी सुरू झाली. काही दिवस आम्हीही ते काम घेतलं, मग बंद केलं. सागात तेल असतं, त्यावर फायबरचं चिकट द्रव्य, म्हणजे पॉलिस्टर रेझिन, नीट धरत नाही. आणि होडीचं लाकूड पुरतं सुकलेलं कधी नसतंच. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर जागचं हलत नाही, थर सुटतो. मधे शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि वरून रंग चकाचक असताना आत फळी कुजते. आजही कुणी आग्रह केला तर नाहीच म्हणतो. त्या पैशांत चार फळ्या बदलून मिळतात.

पूर्ण फायबरच्या होडीची गोष्ट वेगळी, तिथे काम मोजून करता येतं. प्रथम गोड्या पाण्याने धुणं, मग पूर्ण सुकवणं. मीठ आत राहिलं तर पुढे फोड येतात. मग नाण्याने ठोकत जायचं. पोकळ आवाजाच्या कडेला खडूने रेघ. भेग दिसते त्यापेक्षा सुटलेला भाग हमखास मोठा निघतो. घासून उतार द्यायचा तो जाडीच्या बारापट: सहा मिलिमीटरचा तळ असेल तर प्रत्येक बाजूला 72 मिलिमीटर. उतार न देता नुसती चकती चिकटवली तर ती कडेने सुटणार. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा, म्हणजे काचतंतूंच्या चटईचा, एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणजे सहा थर. एक चौरस मीटर मॅटला एक किलोच्या आसपास रेझिन लागतं. मॅट पांढरी दिसते तिथे रेझिन कमी पडलंय, आणि रेझिनचं तळं साचलं असेल तर तो भाग ठिसूळ होणार. प्रत्येक थरावर खाचांचा रोलर फिरवून हवा काढायची आणि एका दमात तीनपेक्षा जास्त थर घ्यायचे नाहीत, नाहीतर आतल्या आत तापून वाकतं.

हार्डनर रेझिन घट्ट करतो, कोबाल्ट त्याचा वेग वाढवतो. कोबाल्ट आधीच मिसळलेल्या रेझिनला हार्डनर किलोला 10 ते 20 ग्रॅम. मे महिन्यात आम्ही 10 वरच थांबतो आणि काम सकाळी दहाच्या आत उरकतो. एका मगात अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवलं तर ब्रश लावण्याआधीच मग धूर सोडतो. कोबाल्ट वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. दोन्ही बाटल्या आमच्याकडे वेगळ्या कपाटांत असतात.

फायबरच्या कामामुळेच आमचा हंगाम सरकला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून होड्या जूनमध्ये दुरुस्तीला यायच्या. पण मिरग लागला की हवा ओली, मॅट ओली, आणि ताडपत्रीखाली केलेला थर चिकट राहतो. आता फायबरचं काम शिमग्यानंतर घेतो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंद करतो. पावसात लाकूडकाम आणि शिडांची शिवण.

शीड घालताना डोलकाठी कशावर उभी आहे ते पाहायचं. फायबरच्या तळावर थेट उभी केली तर वर्षात तळ तडकतो. खाली 25 मिलिमीटर जाडीची, निदान दोन फुटी सागाची फळी हवी, म्हणजे भार पसरतो. उलांडी, म्हणजे होडी कलू नये म्हणून बाजूला बांधलेला तरता ओंडका, बोल्टने आवळू नये, दोरीनेच बांधावी. लाटेवर तिला थोडं हलू द्यावं लागतं, नाहीतर भोकं फाटतात. नायलॉन ओलं झालं की ताणतं, म्हणून पॉलिस्टरची दोरी. शिडाचं कापड फाटण्याआधी उन्हाने शिवण कुजते. नखाने दोरा ओढून बघा. तुटला तर सगळी शिवण नव्याने.

मग चाचणी. सकाळी मतलई असताना देवबागच्या मुखातून बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. परतीची वेळ भरतीची धरतो, कारण ओहोटीचं पाणी आणि समोरचा खारा वारा भिडले की मुखाशी लाटा उभ्या राहतात. बाहेर बांगड्यासाठी पिसांचे छोटे गळ, सुरमईसाठी गळाच्या वर वीतभर पोलादी तार. नुसतं नायलॉन ती दातांनी कापते. मासे मिळाले तर बरंच, पण गळ टाकायचे ते होडीसाठी. मासा ओढताना दोघे एकाच बाजूला उभे राहतात, तेव्हा होडी किती कलते, खवल्यांनी पाणी जायची भोकं तुंबतात का, गळ अडकेल असा खिळा कुठे वर आलाय, हे किनाऱ्यावर कळत नाही. दर अर्ध्या तासाला आतलं पाणी मगाने मोजून लिहितो. नव्याने सांधे भरलेली लाकडी होडी पहिले एक-दोन दिवस पाणी घेणारच; आकडा उतरत गेला पाहिजे. तेवढाच राहिला तर होडी पुन्हा वर.

इंजिन असेल तर ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बघायची. धार बारीक झाली तर आधी भोकात तार घालून मीठ काढा, तरीही बारीक असेल तर पंपाचं रबरी चक्र बदला. परत आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा. टू-स्ट्रोकला पन्नासास एक, म्हणजे लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल. बाटलीवर खूण करून देतो, तरी लोक अंदाजानेच ओततात.