भरती यायच्या आत

जपानला टूर घेऊन जाते मी, त्यात हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाच्या दिवशी माझं पहिलं काम ओहोटीची वेळ बघायचं. इत्सुकुशिमा मंदिराची ती मोठी लाल तोरी कमान समुद्रात उभीय, पाणी उतरलं तरच चालत खांबापर्यंत जाता येतं. मागच्या खेपेला तर वेळा लिहिलेला कागदच फेरीबोटीतनं उतरल्या उतरल्या एका हरणाने खाल्ला. (तिथली हरणं कागद खातात हे मीच सगळ्यांना सांगितलेलं!!)

धावतपळत पोचलो. ग्रुपमध्ये मालवणकडचे एक काका होते, जन्मभर होड्या बांधलेले. बाकी सगळे सेल्फीत आणि हे खांबाच्या बुडाशी चिकटलेल्या शिंपल्या नखाने खरवडतायत. मला विचारतात, "ह्यो खांब जमनीत किती पुरललो आसा गो?"

म्हटलं काका, पुरलेलाच नाहीये. अख्खी कमान 16.6 मीटर उंच, वजन 60 टनांच्या आसपास, आणि नुसती स्वतःच्या वजनावर उभीय. खाली चिखलात पाइनचे खुंट ठोकलेत, वरची आडवी तुळई आतून पेटीसारखी पोकळ, त्यात 7 टन गोटे भरलेत. ही कमान 1875 सालची, मोठे दोन खांब कापराच्या झाडाचे, ते लाकूड सहसा कुजत नाही, तरी 1950 च्या सुमारास बुडाचा भाग कापून नवीन लाकूड जोडावं लागलं. आणि 2019 ते 2022 एवढा काळ पूर्ण झाकून दुरुस्ती, तेव्हा काय सापडलं? वाळवी! समुद्रात उभ्या लाकडाला वाळवी, काका हसायलाच लागले.

तेवढ्यात आमच्यातल्याच एकाने भेगेत 5 येनचं नाणं खुपसलं, लकी असतं म्हणे. काकांचं हसू गेलं. "होडयेक खिळो चुकीचो मारलो की भोवतालचा लाकूड पयला कुसता," म्हणाले आणि काकूंच्या केसातली पिन मागून घेतली. चांगली पाच-सात मिनिटं खटपट करून नाणं काढलं, पुसलं, त्या माणसाच्या हातावर ठेवलं, देवळाच्या दानपेटीत टाक म्हणाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं, कारण भेगांत नाणी खुपसू नका ही सूचना बसमध्ये द्यायची राहिलेली, हरणांवरच दहा मिनिटं घालवली होती.

पाणी घोट्याला लागायला लागलं. मी सगळ्यांना हाकलत होते, काका शेवटचे. परत वळून बघत म्हणाले, "आमची होडी पावसात वर ओढूक गावता, ह्येका खंय ओढतले?"