गोव्याला विमानानं जाण्याआधी इंधनाचा हिशोब

विमान सगळ्यात जास्त इंधन खातं ते चढताना. एअरबसच्या ए३२०निओ विमानाची दोन इंजिनं धावपट्टी सोडताना मिळून सेकंदाला दीड-दोन किलो इंधन जाळतात. उंचीवर स्थिरावलं की तेच पाऊण किलोच्या खाली येतं. मुंबई–गोवा प्रवासात हे स्थिरावणं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. म्हणून सव्वाचारशे किलोमीटरना साधारण दोन टन इंधन जातं, आणि अडीचपटीहून लांब असलेल्या दिल्लीला चार टनांच्या आत भागतं.

एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. १८६ पैकी १६० आसनं भरली, तर गोव्याच्या एका खेपेचा माणशी वाटा ४० किलोंच्या आसपास. स्वस्त कंपन्या आसनं दाटीनं बसवतात, त्यामुळे हा वाटा उलट कमी होतो. बिझनेस क्लासचा प्रवासी दोघातिघांची जागा अडवतो. खरी अडचण वेगळी आहे. तिकीट इतकं स्वस्त, की एरवी झाल्याच नसत्या अशा फेऱ्या होतात.

आता वेळ. घर ते विमानतळ एक तास, दोन तास आधी हजेरी, सव्वा तास उड्डाण, सामानाला अर्धा तास, मोपा विमानतळाहून मडगाव दीड तास: झाले सव्वासहा. वंदे भारत सीएसएमटीहून पावणेआठ तासांत थेट मडगावात सोडते, आणि कोकण रेल्वे २०२२पासून पूर्ण विजेवर आहे. कोळशाची वीज धरली तरी रेल्वेचा माणशी धूर विमानापेक्षा कितीतरी कमी. पावसाळी वेळापत्रकात मात्र वेग उतरतो, प्रवास लांबतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ही गाडी हवी तर तेव्हाच काढा. नाही मिळालं तर रात्रीची कोकणकन्या बघा.

बिहारमधल्या दरभंग्याचा हिशोब असा नाही. मुंबईत राबणाऱ्या माणसाला गावी पोचायला रेल्वेनं दीड दिवस लागतो. २०२० साली तिथं विमानतळ सुरू झाला आणि तेच अंतर अडीच तासांवर आलं. आजारी आईकडे निघालेल्याला ‘रेल्वेनं जा’ सांगणं मला पटत नाही. त्यानं फक्त थेट विमान बघावं. दिल्लीला बदलायचं म्हणजे ती महागडी चढण दोनदा.