सहा मीटरचा स्लॅब आणि फुटाचा भाव

पुण्याजवळच्या एका इमारतीत लॉबीचा स्लॅब भरायचा होता. उंची 6 मीटर. बाकीचे मजले 3 मीटरचे. सेफ्टीची सही माझी असल्याने काँक्रीटचा पंप सुरू होण्याआधी सेंट्रिंग, म्हणजे ओला स्लॅब पेलणारा तात्पुरता सांगाडा, पाहायला गेलो. वर प्लेटा, सळई, कव्हर ब्लॉक सगळं चोख. खाली मात्र जॅकवर (टेकू देणाऱ्या लोखंडी खांबावर) जॅक चढवलेला, मध्ये फळीचा तुकडा आणि सांध्याला एकही आडवा पाइप नाही. काही जॅकना मूळ पिनेऐवजी 8 मिलिमीटर सळईचे तुकडे. बूड भरावाच्या मातीत, विटेवर.

150 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये ओल्या काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला सुमारे 375 किलो. त्यात प्लेटा, माणसं आणि पंपातून एकाच जागी पडणारा ढीग. एवढ्या वजनाखाली उंच जॅक चेंगरत नाही, मधूनच वाकतो. बिनआधाराची लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी पेलायची ताकद पावपट उरते. इथे तर सांधाच मोकळा होता, तो बिजागरीसारखा दुमडला असता. एक जॅक सुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, मग पुढच्यावर. वर काम करणाऱ्यांना पळायला वेळ मिळत नाही.

मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, ''साहेब, फुटाच्या भावात उंची कुठे धरलीय?''

खरं कारण हेच. मुख्य ठेकेदाराने आरसीसीचं, म्हणजे सळई-काँक्रीटचं, काम लेबर ठेकेदाराला दिलं, त्याने सेंट्रिंग तिसऱ्याला आणि तिसऱ्याने या मुकादमाला. प्रत्येक पायरीवर भाव उतरत गेला आणि मोजमाप राहिलं स्लॅबच्या चौरस फुटांचं. 3 मीटरवर असो की 6 मीटरवर, क्षेत्रफळ तेवढंच. जादा पाइप, क्लॅम्प आणि ते बांधायला लागणारे तास कुणाच्याच बिलात नव्हते. क्लॅम्प शेजारच्या विंगच्या स्टोअरमध्ये पडून होते, पण ते मागवायचे कुणी?

काँक्रीट रद्द केलं. बूड ठोकून घट्ट केलं, जॅकखाली सलग फळ्या टाकल्या, पिना बदलल्या. सांध्याच्या पातळीवर दोन्ही दिशांना पाइप बांधले, तिरके टेके दिले आणि सगळं आधी भरलेल्या कॉलमना आवळलं. भरताना खाली कुणी थांबायचं नाही, ढीग न करता पातळ थरात पसरायचं, हेही ठरलं.

त्याच वेळी कळलं की या टोळीतल्या बऱ्याच जणांची नावं गेटच्या रजिस्टरवर नाहीत. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चौथ्या पायरीवरच्या माणसाला तो सही करून देणार कोण? हे मला सेंट्रिंगइतकंच धोक्याचं वाटतं.

पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये 4 मीटरवरची सेंट्रिंग घनमीटरमध्ये मोजून वेगळा आयटम धरला. पाइप-क्लॅम्प मुख्य ठेकेदाराने पुरवायचे, आणि त्याच्या इंजिनिअरने खाली उतरून पाहिल्याशिवाय पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायची नाही. मुकादमाचीही सही घ्यावी असं एकाने सुचवलं. मी नकार दिला, कारण एक क्लॅम्प मागवायचाही अधिकार त्याला नाही.