वाफेचं बिल: वीजकेंद्रात समुद्राचं पाणी गोडं होताना

गुहागरात ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या काकूंनी सकाळीच बजावलं, "आंघोळीला एकेकच बादली हां, विहिरीने तळ गाठलाय." एप्रिलचा दुसरा शनिवार. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख, पण जांभ्यातून पाणी झिरपतं आणि समुद्राला जाऊन मिळतं. ओसरीवर रिकाम्या कळश्या, सुरूच्या बनापलीकडे लाटांचा आवाज. आणि आम्ही निघालो होतो समुद्राचं पाणी गोडं होताना बघायला.

आम्ही पाच जण, सगळे ज्युनिअर कॉलेजचे मास्तर. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, परवानगी देताना तशी अट होती. एवढंच सांगतो की किनाऱ्यावरचं वीजकेंद्र आहे आणि त्याच्या कुशीत पाणी गोडं करणारं छोटं युनिट आहे.

जाणाऱ्यांनी आधी हे वाचा. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, सगळ्यांची नावं आणि आधारच्या प्रती किमान महिनाभर आधी पाठवा. फोन गेटवरच जमा होतो, म्हणून वही-पेन न्या. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट हवेतच. आमच्यातले एक सर ऐटीत कोल्हापुरी घालून आले. त्यांनी पुढचे तीन तास सुरक्षारक्षकाच्या खोलीत चहा पीत काढले.

सुरुवात समुद्राकडून. पाणी आत घेतात तिथे लोखंडी फिरत्या जाळ्या आहेत. जाळीवर शेवाळ, गुटख्याच्या पुड्या, एक रबरी चप्पल. पुढे पाण्यात क्लोरीन सोडतात, नाहीतर पाइपांच्या आत कालवं आणि शिंपले संसार थाटतात. आम्हाला घेऊन फिरणारे इंजिनिअर मालवणकडचे. म्हणाले, "पावसाळ्यात येव नकात. गढूळ पाण्यान आमचीच झोप उडालेली असता."

वीजकेंद्राचा भाग थोडक्यात सांगतो, तो पुस्तकात आहेच. बॉयलरमधली ५४० अंशांच्या आसपासची वाफ टर्बाइन फिरवते आणि दमून कंडेन्सरमध्ये येते. तिथे जवळजवळ निर्वात असतं, वाफ ४५ अंशांवरच पाणी होते आणि बॉयलरला परत जाते. तिची उरलेली उष्णता समुद्राचं पाणी घेऊन जातं. इंधनातली जवळजवळ निम्मी उष्णता अशी वीज न होताच निघून जाते. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे गोडं पाणी फुकटच की!"

इंजिनिअर हसले. "मास्तर, इथे फुकट काय नसता. वाफेचा बिल येता."

युनिट म्हणजे ओळीने ठेवलेली आठ आडवी पिंपं, प्रत्येक ट्रकएवढं. ते म्हणाले, मोदकपात्राचं झाकण आठवा. झाकणाला आतून थेंब जमतात, ते गोडं पाणी. आणि वाफेचं पाणी होताना तिने दिलेल्या उष्णतेनेच झाकण तापतं. मग त्या तापल्या झाकणावर दुसरं मोदकपात्र ठेवलं तर? त्यावर तिसरं? पहिल्या पिंपात नळ्यांच्या आतून टर्बाइनची वाफ जाते आणि नळ्यांवर समुद्राच्या पाण्याचा फवारा पडतो. त्यातून निघालेली वाफ दुसऱ्या पिंपाच्या नळ्यांत, तिथली तिसऱ्याच्या. प्रत्येक पुढच्या पिंपात हवेचा दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं: पहिल्यात ६५ अंशांना, शेवटच्यात ४० च्या जवळ. एकच उष्णता आठ वेळा कामाला येते.

पिंपाला गोल जाड काच आहे. डोळा लावला. आत दिवा आणि नळ्यांवरून पाण्याचा पातळ पडदा सरकत होता. बुडबुडे नाहीत, खळखळ नाही. हे उकळणं आहे यावर विश्वासच बसत नाही.

आता बिल. कंडेन्सरमधली ४५ अंशांची वाफ इथे चालत नाही, कारण समुद्रच एप्रिलमध्ये ३० च्या आसपास असतो. आठ पायऱ्या उतरायला तेवढा उतारच उरत नाही. म्हणून वाफ टर्बाइनमधून थोडी आधी, ७० अंशांवर काढून घ्यावी लागते. तिने पुढे जी वीज केली असती, ती बुडाली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही वहीत हिशेब केला: टनभर वाफेमागे साधारण ३५ युनिट वीज जाते आणि तेवढ्या वाफेत सातेक टन गोडं पाणी मिळतं. म्हणजे हजार लिटरमागे ५ युनिट, वर पंपांची वीज वेगळी. उलट पडद्यातून दाबाने पाणी गाळायच्या आरओ पद्धतीला ६० बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या साठेक पट दाब लागतो, पण हजार लिटरला ३ ते ४ युनिटच. म्हणून हल्ली नव्या प्रकल्पांत आरओचीच चलती आहे. तमिळनाडूत कल्पाक्कमला अणुवीज केंद्राच्या जोडीला दोन्ही आहेत: वाफेच्या पद्धतीने रोज ४५ लाख आणि आरओने १८ लाख लिटरची क्षमता.

मग इथे पिंपं कशाला? उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. केमिस्ट बाईंनी मीटर दाखवला. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता ५०,००० मायक्रोसीमेन्सच्या आसपास. पिंपातून आलेल्या पाण्याची ८. बॉयलरला याहूनही शुद्ध पाणी लागतं, त्यात मीठ गेलं तर टर्बाइनची पाती खराब होतात; पण पिंपातल्या पाण्याला पुढची सफाई थोडीच लागते. आरओचं पाणी आणखी एकदा गाळावं लागतं. मी घोटभर प्यायलो. चव म्हणाल तर शून्य, जिभेला काही लागतच नाही. पिण्यासाठी द्यायचं तर त्यात चुना वगैरे मिसळावा लागतो, नाहीतर ते पाइपांनाच खायला लागतं.

टेबलावर जुन्या नळीचा कापलेला तुकडा होता, वर पांढरा थर. नखाने खरवडला, निघेना. "तापमान ७० च्या वर नेलं की हे वाढतं," बाई म्हणाल्या. "मग अ‍ॅसिडने धुवा."

मला खटकलेली गोष्ट शेवटी बघितली: पाणी परत सोडायची चर. कोमट आणि जास्त खारट. किनाऱ्यावरच्या नव्या वीजकेंद्रांना समुद्राच्या तापमानापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम पाणी सोडता येत नाही. नियम आहे. पण बाहेर जेटीवर जाळं विणत बसलेल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "मासा काय थर्मामीटर घेऊन फिरतो?" चरीजवळ मासळी कमी झाली असं त्यांचं म्हणणं. मी मोजलेलं नाही, पण मला ते उडवून लावावंसं वाटत नाही. तुम्ही गेलात तर आतल्या लोकांशी बोलून झाल्यावर जेटीवरही अर्धा तास काढा.

परतताना तवसाळहून जयगडची फेरीबोट घ्या, गाडी चढते. शनिवार-रविवारी रांग लागते, म्हणून संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवर विसंबू नका. जयगडला किल्ला आहेच, पण वेळ एकाच जागेला असेल तर कऱ्हाटेश्वराला जा. देवळाखाली पायऱ्या उतरून गेलं की अगदी समुद्राच्या कडेला गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. पायऱ्या निसरड्या आहेत, बूट वर काढून ठेवा. आम्ही पाचही बाटल्या भरल्या आणि कोल्हापुरीवाल्या सरांना आधी प्यायला दिलं.