प्रोस्टेट कॅन्सर: ग्लीसन ३+३ आला, आता काय?

आज ओपीडीत पुन्हा तोच प्रश्न: "डॉक्टरसाहेब, कॅन्सर हाय मनता, मंग काढून काहून नाही टाकत?"

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी. बायोप्सीत ग्लीसन ३+३ (कॅन्सरचा सौम्य दर्जा), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १० च्या खाली, गाठ प्रोस्टेटच्या आतच, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. पीएसए दर ६ महिन्यांनी, वर्षभरात पुन्हा बायोप्सी. हे बिघडतं कापूस वेचणीत. तारीख हुकली की हुकलीच. लघवीसाठी फिनास्टराइडची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. काही महिन्यांत तिनं पीएसए निम्मा दिसतो आणि सगळेच फसतात.

ऑपरेशन केलं तर लघवीची नळी साधारण ७ ते १० दिवस, पुढे काही महिने लघवी गळू शकते, लैंगिक ताकद कमी होऊ शकते (घरच्यांसमोर हे कुणी विचारत नाही, म्हणून एकट्यात बोलावं). रेडिएशन, म्हणजे शेक, बरेचदा २० वेळा, आठवड्यातून ५ दिवस. गडचिरोलीकडून रोज नागपूर जमत नाही, मुक्कामाची सोय आधी पाहा. शेकानंतर ऑपरेशन फार अवघड जातं. ऑपरेशननंतर शेक देता येतो.

ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात १५ वर्षांनी तिन्ही गटांत (लक्ष ठेवणं, ऑपरेशन, शेक) प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू सुमारे ३ टक्केच होते. विचाराला वेळ आहे, बाबाजी. वावर विकायची बोलणी आजच नका करू.