मांजर गॅलरीतून पडलं तर

बाणेर-वाकडचा टॉवर असो की कोथरूडचा दुसरा मजला, कबुतरावर झेप घेताना पडलेलं मांजर बऱ्याचदा स्वतःच उठतं, पार्किंगमधल्या एखाद्या गाडीखाली जाऊन बसतं आणि घरचे म्हणतात, "वाचलं गं बाई, चालतंय!" घात होतो तो इथेच. फुप्फुसाला बसलेला मार, छातीत साठलेली हवा किंवा फुटलेलं मूत्राशय बाहेरून दिसत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो. चालत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचंच.

मानगुटीला किंवा पोटाखाली धरून उचलू नका. आधी जाडसर टॉवेल अंगावर टाका, कारण दुखत असलं की घरचं लाडकं मांजरही कडकडून चावतं. मग पाठीखालून मोठा ट्रे, प्लायचा तुकडा, निदान जाड पुठ्ठा तरी हळूच सरकवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड सलग पाच मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा.

आता ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी फिकट किंवा निळसर असेल, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तपासत बसू नका, निघा. कुत्रं एरवीही धापा टाकतं, मांजराचं धापा टाकणं मात्र धोक्याची खूण आहे. जाताना दूध-पाणी काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणि कळवळून क्रोसिन किंवा डोलो देऊ नका, पाव गोळीसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. गोळी दिली गेलीच असेल तर लपवू नका, स्ट्रिप सोबत न्या. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा.

पडण्याशी संबंध नाही, तरी एक सांगायलाच हवं. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. पोट दाबू नका, सकाळची वाट बघू नका. रात्री कोणतं क्लिनिक उघडं असतं ते आजच विचारून ठेवा, निघताना फोन करा.

या धावपळीत तुम्हाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरांना भेटा.

गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉन जाळी मांजर दातांनी कुरतडतं. तिचे कोपरे दर महिन्याला हाताने ओढून बघा.