मार्च-एप्रिलमधला व्हॅक्सिन डेपो: निघालेल्या पाहुण्यांना बघायला

मार्च संपता संपता बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पक्षी बघायला जाऊन आलो, आणखी कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. वसंतातलं स्थलांतर म्हटलं की युरोपातले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं आता नवे पक्षी येणार, आपल्याकडं बरोबर उलटं असतंय. हिवाळी पाहुणे पावसाळा संपताना आलेले असतात आणि आता त्यांची परतायची घाई चालू असते, हिमालयात नाहीतर त्याच्याही पलीकडं मध्य आशियात जाऊन घरटी करायची, त्यासाठी अंगावर चरबी पाहिजे, म्हणून नुसतं खात सुटलेले असतात. आपला फायदा तोच.

साडेसहाला आत पोचा, तेव्हाच सूर्य उगवतो आणि नऊनंतर ऊन तापलं की सगळे गप. बरेचसे छोटे पक्षी रात्रीच उडत प्रवास करतात, त्यामुळं काल नव्हता तो आज सकाळी दिसू शकतो आणि उद्या परत नसेल. म्हणून एकदा जाऊन आलो, झालं, असं करू नका, आठ-दहा दिवसांनी परत एक चक्कर मारा.

फिरत बसण्यापेक्षा फुललेलं एक झाड धरा आणि थांबा, हे माझं ठाम मत. वॉकिंगवाल्यांसारखं भराभरा चाललात तर बुलबुल आणि साळुंक्या सोडून काही पदरात पडणार नाही. मी एका काटेसावरीखाली उभा राहिलो तर भोरड्यांचा थवाच येऊन उतरला, काय तो कालवा, लग्नघरातल्या जेवणाच्या पंगतीसारखा. या म्हणजे गुलाबी मैना. ऑक्टोबरात मळकट दिसतात त्याच मार्चमध्ये इतक्या गुलाबी होतात ते नवीन पिसं येतात म्हणून नव्हे, पिसांची फिकट टोकं झिजून जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. त्याच झाडावर राखी कोतवाल होता, आपल्या नेहमीच्या तारेवरच्या कोतवालापेक्षा थोडा फिका, डोळे लालभडक, आणि मधासाठी सारखा फुलाफुलावर. हळद्याचा आवाज आला पण बाहेर यायला त्यानं लई वेळ लावला.

ओलसर कडेला करडा धोबी बघा, शेपटी सारखी वरखाली. नराचा गळा थंडीत पांढरा असतो तो आता काळा व्हायला लागतो, म्हणजे साहेब निघायच्या तयारीत. शेंड्यावर ग्रीनिश वार्बलर असतोच पण दिसायला मान मोडते, आवाजावरूनच ओळखा. मर्लिन अॅप मदत करतं पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको, शेजारी कोतवाल नक्कल करत असला तर तेही फसतं. आणि कृपा करून स्पीकरवर आवाज लावून पक्षी बोलावू नका. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला तुमच्या फोटोसाठी उगाच दमवायचं कशाला?

एक आजोबा थांबून म्हणाले, "काय बघूलाय वो एवढं वर?" दुर्बीण दिली तर भोरड्या बघून म्हणाले, "ह्या तर आमच्या शिवारात यायच्या की!" बरोबरच आहे, काढणीच्या दिवसांत पिकावर पडतात आणि टोळही खातात. रखवालदार किंवा कुणी कन्नडमध्ये विचारलं तर "हक्की नोडाक बंदेव री" (पक्षी बघायला आलोय) एवढं म्हणा, हसून सोडतात.

दुर्बीण ८ × ४२ पुरे, मोठ्या लेन्सचा हट्ट नको. फुलपँट आणि बूट घाला, गवतात गोचिडी असतात. रविवारी क्रिकेट आणि गर्दी, त्यामुळं मधल्या वारी जा, आणि गाडी फाटकासमोर आडवी लावू नका. स्टेशनवरून येणाऱ्यांना रिक्षा मिळते, "व्हॅक्सिन डेपो" म्हटलं की कुणालाही कळतं. परतताना उप्पीट खायला टिळकवाडीत थांबा, इथं खायची पंचाईत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळीव झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण सोडाच. वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडतात आणि कोतवाल, वेडे राघू सगळे त्याच्यावर तुटून पडतात. नवरंगही याच काळात दक्षिणेकडून वर सरकतो, सकाळ-संध्याकाळ झाडीच्या खालच्या भागातून दोन सुरांची शीळ आली तर पालापाचोळ्यात बघा. चातक मात्र जूनशिवाय नाही, त्याच्यासाठी आत्ता हेलपाटा घालू नका.